काठमांडूचा पाहुणा आणि मुकुंदाची खुर्ची

काठमांडू,
५ डिसेंबर १९७३

प्रिय चिंतू,

सप्रेम नमस्कार.

पोचलो. प्रवासाचे वर्णन करायचे तर एक पुरवणी काढावी लागेल, आणि कागदाच्या टंचाईत आबासाहेब मालक ती काढू देणार नाहीत. थोडक्यात सांगतो. रक्सौलपर्यंत आगगाडीने हाडे खिळखिळी केली आणि पुढे घाटातल्या बसने पोट. आता दोन्ही जागेवर आहेत. थंडी अशी की आईने बळेबळे बांधून दिलेली चादर मी कचेरीतही पांघरून बसतो. सोलापूरच्या पत्रकारांचा हा पोशाखच असतो, असा इथल्या लोकांचा समज झाला आहे.

'हिमकिरण'ची कचेरी असन बाजारात तांब्यापितळेच्या एका दुकानावर आहे. आबासाहेबांनी विनिमयाच्या अर्जात आपल्या 'हाक' दैनिकाबद्दल 'स्वतःची इमारत, अद्ययावत यंत्रसामग्री' असे ठोकून दिले होते ना? यांनीही अगदी तेच लिहिले होते. यांची अद्ययावत यंत्रसामग्री म्हणजे आपल्या मायाप्पाच्या छपाईच्या मशीनची थोरली बहीण. संपादक उपाध्यायजी मात्र देवमाणूस आहेत. माझ्यासाठी त्यांनी शेगडीजवळची जागा रिकामी करून दिली.

आता मुद्द्याचे. या शेजारी देशांच्या पत्रकार-विनिमय योजनेत कलमच आहे की पाहुणा ज्याच्या बदल्यात आला त्याचीच जागा आणि त्याचेच काम त्याला द्यायचे. म्हणजे यांचा तीर्थमान तुलाधर चार महिने माझ्या खुर्चीत बसणार. कागदाचा कोटा कापल्यापासून 'हाक' चार पानांवरून दोन पानांवर आली आहे. 'दोन पानाला दोन उपसंपादक कशाला?' असे आबासाहेब माझ्या देखत दोनदा म्हणाले आहेत. उपसंपादक म्हणजे तू आणि मी. अशा वेळी नेपाळला पाठवायला त्यांना नेमका मीच सुचावा, यात मला काही ठीक दिसत नाही. बोकडालाही आधी हारच घालतात.

तेव्हा एवढेच कर. माझी खुर्ची सांभाळ. आणि तुलाधर कसा आहे ते कळव. फार हुशार नसावा अशी आशा आहे.

तुझा,
मुकुंद


सोलापूर,
१८ डिसेंबर १९७३

प्रिय मुकुंदा,

खुर्चीची काळजी सोड. तुलाधर तिच्यात बसतच नाही.

माणूस ठेंगणा, हसरा, डोक्यावर तिरकी टोपी. आल्या आल्या आबासाहेबांच्या पाया पडला आणि अर्धी लढाई तिथेच जिंकला. मराठी शून्य. हिंदी आपल्यापेक्षा बरी. मी त्याला तुझे काम नीट समजावून सांगितले. म्हटले, समारंभ संध्याकाळी असतात, पण आपला अंक पाचला मशीनवर चढतो, कारण सहाच्या एस.टी.ने तो अक्कलकोट-मैंदर्गीला जायचा असतो. म्हणून निमंत्रणपत्रिका आली की तिच्यावरून बातमी आधीच लिहून टाकायची. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, 'अध्यक्षांनी समयोचित भाषण केले', आभार. मुकुंदरावांनी नऊ वर्षे असे केले आणि एकदाही चुकले नाहीत.

मग त्याला पहिली पत्रिका दिली. ज्ञानसंवर्धक वाचनालयाचा वर्धापनदिन, अध्यक्ष सूतवाले चनमल्लप्पा शेठ. तो म्हणाला, "कार्यक्रम हो गया?" म्हटले, "शाम को है." "तो खबर?" म्हटले, "वह अभी."  मग त्याने टोपी सरळ केली आणि मायाप्पाची सायकल घेऊन गेला. परतेपर्यंत एस.टी. मैंदर्गीला पोचली असेल. वाचनालयाच्या जागी मी चादरीची जाहिरात टाकली.

दुसऱ्या दिवशी त्याने हिंदीत सांगितले आणि मी मराठीत उतरवले. भाषा कळत नसल्यामुळे तो फक्त दिसले तेवढेच सांगतो. म्हणाला, अध्यक्ष बरेच उशिरा आले. खिशातून भाषण काढून वाचू लागले. पहिल्या रांगेतले लोक एकमेकांकडे पाहू लागले. कार्यवाह रावजी मास्तरांनी दोनदा अध्यक्षांची बाही ओढली. शेवटी अध्यक्षांनी कागद उलटसुलट करून पाहिला, घडी घातली आणि पेढे वाटायला सांगितले. मी मास्तरांना गाठून विचारले तर कळले की शेठजींनी सकाळच्या गोशाळेतले भाषण आणले होते. वाचनालयाच्या दुधाची त्यांनी फार स्तुती केली.

गंमत म्हणून मी ते 'पाहुण्याच्या डोळ्यांनी' या मथळ्याखाली छापले. सकाळी शेठजी स्वतः दारात! मी मशीनखाली शिरायच्या बेतात होतो. पण ते म्हणाले, "नऊ वर्सं तुमी मला समयोचित समयोचित म्हनताय. घरात कोन वाचलं न्हाय. आज सूनबाईनं वाचलं, लई हासली. अजून अंक हायत का?" आबासाहेब तिथेच उभे होते. ते काय म्हणाले ते लिहीत नाही.

तुझ्या घरी मालतीवहिनी आणि काकू खुशाल आहेत.

तुझा,
चिंतामणी


काठमांडू,
३० डिसेंबर १९७३

प्रिय चिंतू,

'आबासाहेब काय म्हणाले ते लिहीत नाही', हे लिहिण्यापेक्षा ते काय म्हणाले हेच लिहायला कमी शाई लागली असती. माझी चार रात्रींची झोप गेली.

एका वेळी साधले ते साधले. पुन्हा साधता कामा नये. त्याला विणकर हितवर्धक संस्थेच्या वार्षिक सभेला पाठव. ती सभा तेलुगूत भांडते, कानडीत हिशेब मागते आणि मराठीत मंजूर करते. आजवर तिथून कुणी धड बातमी आणलेली नाही. तुलाधर तिथून हात हलवत परत येईल आणि आपोआप खुर्चीत बसेल. नंतर पत्रिका आहेतच.

इथे माझे उत्तम चालले आहे. परवा एका शाळेच्या समारंभाची पत्रिका आली. मी लगेच हिंदीत बातमी लिहून दिली आणि सहायकाने ती नेपाळीत केली. उपाध्यायजी म्हणाले, "मुकुंदजी, समारंभ तर उद्या आहे." म्हटले, "म्हणूनच आज लिहिली." त्यांनी सगळ्या कचेरीला बोलावून ती दाखवली. दुसऱ्या दिवशी समारंभ अक्षरशः माझ्या बातमीबरहुकूम झाला. तेव्हापासून लोक मला जरा भिऊनच असतात. घरची मुर्गी डाळ बराबर म्हणतात ते काही खोटे नाही.

संस्थेच्या सभेचे विसरू नकोस.

मुकुंद


सोलापूर,
१२ जानेवारी १९७४

प्रिय मुकुंदा,

तुझ्या सांगण्याप्रमाणे पाठवला. आता ऐक.

त्याला एक अक्षर कळले नाही, म्हणून तो खिडकीत बसून नुसता पाहत राहिला. त्याची बातमी अशी: 'चिटणीस अहवाल वाचत असताना सभासद झोपले होते. चहा आल्याबरोबर ज्यांना चहा हवा होता त्यांनी हात वर केले. चिटणीसांनी लगेच हात मोजले आणि अहवाल मंजूर झाला.' मी ती जशीच्या तशी दिली. दुसऱ्या दिवशी सभासदांनी चिटणीसांना घेराव घातला आणि आता सभा पुन्हा घ्यायची ठरली आहे, चहाशिवाय. भवानी पेठेत हातमागांवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. अंक कमी पडले. कोटा नसता तर आणखी छापले असते.

आता रोज कुणी ना कुणी येऊन विचारतो, "ते टोपीवाले साहेब आमच्याकडं येणार का?" परवापासून गड्ड्याच्या जत्रेची धामधूम आहे. त्याला नंदीध्वजाच्या मिरवणुकीत कुठे उभे करायचे यावरून दोन पेठांत बोलाचाली झाली.

तुझ्या घरचेही सांगून टाकतो. दर गुरुवारी तो तुमच्याकडे जेवतो. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी त्याला इतकी आवडली आहे की काकू म्हणतात, "आमच्या मुकुंदानं कधी मागून घेतली नाही." तुझा राखाडी स्वेटर सध्या त्याच्या अंगावर आहे. तुला तिकडे चादर आहेच.

माझे हाल कुणाला सांगू? आबासाहेबांनी मलाही सभांना पिटाळायला सुरुवात केली आहे. माझे शरीर तुला ठाऊक आहे. ते बसण्यासाठीच घडवलेले आहे. चार दिवसांपूर्वी एका व्यायामशाळेत दोन तास उभा राहिलो आणि संध्याकाळी पायांना चुना-हळद लावून पडलो.

चिंतामणी


काठमांडू,
२९ जानेवारी १९७४

चिंतामणी,

मालतीचे पत्र आले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती आबासाहेबांकडे गेली होती. त्यांच्या बजाबाईंनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "मुकुंदभावजी आलं की त्येंचा मोटा सत्कार करायचा, शाल द्यायची आन् मोकळं करायचं म्हनत्यात हे. चिंतामणभावजी ऱ्हातील." तिळगूळ घ्या आणि गोड बोला!

तुला हे ठाऊक होते. आबासाहेब जे म्हणाले आणि तू जे लिहिले नाहीस, ते हेच. मी तुला खुर्ची सांभाळायला सांगितली होती. तू आपलीच सांभाळलीस. नऊ वर्षे एका टेबलावर काम केले. माझ्या डब्यातली चटणी तू खाल्लीस आणि तुझ्या डब्यातली कारल्याची भाजी मी. त्याची ही परतफेड?

मालती लिहिते की काळजी करू नका, मी शिवणकाम सुरू करते. ते वाचून मी भात तसाच टाकून उठलो.

पण मीही गप्प बसणार नाही. इथे माझी किंमत आहे. कालच सल्लेघाटच्या झुलत्या पुलाच्या उद्घाटनाची माझी बातमी पहिल्या पानावर आली. उपाध्यायजी विचारत होते, "पाहायला जायचे का?" म्हटले, दोन दिवस पायी जाऊन जे दिसणार ते पत्रिकेत आहेच. 'उद्घाटनानंतर दोन्ही तीरांवरील नागरिकांनी पुलावरून आनंदाने ये-जा केली' हे वाक्य सगळ्यांना फार आवडले. कात्रण पाठवतो आहे. आबासाहेबांना दाखव.

मुकुंद बोरामणीकर


सोलापूर,
१० फेब्रुवारी १९७४

प्रिय मुकुंदा,

होय, मला ठाऊक होते.

डिसेंबरात चनमल्लप्पा शेठ अंक घेऊन गेले तेव्हा आबासाहेब म्हणाले, "ह्यो पावना डोळ्यानं बगतोय, तुमी दोघं कारडावरनं बगताय. दोगांतला एक बास झाला." मी भीत भीत विचारले, "कोण?" ते म्हणाले, "तू ऱ्हा. तू निदान प्रूफं तरी बगतोस."

खोटे कशाला लिहू? ते ऐकून मला आधी हायसे वाटले आणि मग तुझी आठवण झाली. याच क्रमाने झाले. तेव्हापासून मला माझीच लाज वाटते आहे आणि तुला पत्र लिहायला बसलो की मी तुलाधरच्या गमती लिहून पान भरतो. चार पोरी आहेत रे मला. पण तुलाही घर आहेच, आणि मालतीवहिनींच्या शिवणकामाचे वाचल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

कात्रण आबासाहेबांना दाखवले नाही. 'आनंदाने ये-जा केली' हे वाचून ते काय म्हणतील ते मला दिसत होते. या वेळी तुझ्या भल्यासाठीच लपवले.

तू काय शिव्या द्यायच्या त्या दे. पण पत्र पाठव.

चिंतू


काठमांडू,
२३ फेब्रुवारी १९७४

प्रिय चिंतू,

तुझे पत्र वाचून मला आधी राग आला आणि मग बरे वाटले. तू निदान खरे लिहिलेस. खुर्चीचे बोलणे आज नको. मी इथे भलतेच करून बसलो आहे. हे पत्र कुणाला दाखवू नकोस.

पुलाची बातमी आल्यावर काही दिवसांनी सल्लेघाटचे एक शिक्षक कचेरीत आले. त्यांनी अंक टेबलावर ठेवला आणि शांतपणे विचारले, "हा पूल कुठला?" त्यांच्या पुलाला दोन्ही तीरांकडून फळ्या ठोकत आणल्या होत्या आणि मध्ये नुसत्या तारा होत्या. फळ्या संपल्या म्हणून समारंभ पुढे ढकलला होता. तसे कळवायला एक माणूस काठमांडूला निघालाही होता. तो पायी निघाला होता आणि माझी बातमी उलट दिशेने टपालाच्या थैलीतून गेली. कुणीतरी ती खालच्या भरबाजारात मोठ्याने वाचून दाखवली. आठवड्याच्या आत आजूबाजूच्या गावांतली माणसे पाठीवर ओझी घेऊन पुलाकडे निघाली.

उपाध्यायजींनी तो अंक माझ्या हातात दिला. म्हणाले, "मुकुंदजी, आता जाऊन या."

चिंतू, दोन दिवस चढउतार केले. उसन्या बुटांनी पायाची सालटी निघाली. नदीवर पोचलो तर तिरावर माणसे बसलेली. कुणाकडे मिठाच्या गोण्या, कुणाकडे कोंबड्या. एक म्हातारी संत्र्यांची टोपली शेजारी ठेवून बसली होती. पलीकडे तिची लेक बाळंत झाली होती. एरवी ती खालच्या बाजूला होडीपर्यंत जायची, ते अर्ध्या दिवसाचे अंतर. पूल झाला असे ऐकले म्हणून ती जवळच्या वाटेने आली होती.

माझ्या बरोबरच्या वाटाड्याला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, त्याने तिला सांगितले की बातमी लिहिणारे ते हेच. म्हातारी उठली. मला वाटले, आता मारते. तिने माझा हात धरला, पुलाच्या तोंडाशी नेऊन उभे केले आणि म्हणाली, "चाल."

पुढचे वाटाड्याने हिंदीत सांगितले. "तूच लिहिलंस ना, लोक आनंदाने ये-जा करतात? मग तू आधी जा."

मी दहा पावले गेलो. पूल हलत होता. फळ्या संपल्या तिथून खाली पाहिले आणि हिरवे पाणी दिसले, दगडांवर आपटत चाललेले.  मी फतकल मारून खाली बसलो आणि तार धरली. मागे सगळा तीर हसत होता. सरपटत परत आलो. हिंदीत माफी मागितली. म्हातारीला हिंदी येत नव्हते, पण माझे सरपटणे तिला समजले असावे. ती एकदम मऊ झाली.

मग तिची टोपली मी उचलली. इथे टोपलीचा पट्टा कपाळावर घेतात. वीस पावलांत मी आडवा झालो आणि संत्री उताराने गडगडत निघाली. काही नदीत गेली. उरलेली वेचली, पुन्हा टोपली घेतली. होडीपर्यंत ती मला शिव्या देत होती आणि मी हो हो म्हणत होतो. संध्याकाळी लेकीच्या घरी तिने उरलेल्यांतले पहिले संत्रे सोलून माझ्या हातावर ठेवले. मला रडू आले.

नऊ वर्षे मी किती सभा भरवल्या, किती दिवे लावले, किती लोकांकडून समयोचित भाषणे करवून घेतली. त्यांतली एकही मी पाहिली नाही. वाचणारा त्यावर विसंबून घरून निघतो, हे माझ्या कधी मनातही आले नव्हते.

परत येऊन जे पाहिले ते सगळे लिहून दिले, माझ्या सरपटण्यासकट. उपाध्यायजींनी दोन दिवस विचार केला आणि छापले. फळ्या सल्लेघाटकडे निघाल्या असे ऐकतो. पाहिलेल्या नाहीत, म्हणून एवढेच लिहितो.

तुझा,
मुकुंद


सोलापूर,
७ मार्च १९७४

प्रिय मुकुंदा,

'हे पत्र कुणाला दाखवू नकोस' असे तू लिहिले होतेस. मी कुणाला दाखवले नाही. थेट छापले.

सोबत कात्रण आहे. पहिले पान, दोन कॉलम, तुझ्या नावासकट. माझ्याबद्दलचा मजकूर काढला आणि 'दाखवू नकोस' हे वाक्यही काढले. बाकी काना-मात्रेचा फरक नाही. मायाप्पा छपाईचे खिळे जुळवता जुळवता मध्येच थांबून म्हणाला, "साहेब, म्हातारीनं ढकलायला पायजे होतं की."

आबासाहेब मैंदर्गीला शेतावर गेलेत. त्यांना विचारले नाही. विचारले असते तर त्यांनी नको म्हटले असते. उद्या येतील. आता तुझ्याबरोबर माझीही खुर्ची जाणार असे धरून चाललो आहे. बायकोला अजून सांगितलेले नाही.

तुझा राग पोस्टाने इथवर यायला वीसबावीस दिवस लागतील. तेवढ्यात काय होते ते पाहू.

चिंतू


काठमांडू,
१८ मार्च १९७४

रा. रा. चिंतामणी वळसंगकर यांस,

आपले पत्र व कात्रण पावले. आपण आमच्या अब्रूची लक्तरे भर सात रस्त्याच्या चौकात टांगलीत, त्याबद्दल आभार. आमचे सासरे 'हाक' वाचतात. आमचे शेजारी वाचतात. ज्यांच्या ज्यांच्या समारंभांच्या बातम्या आम्ही घरबसल्या लिहिल्या, ते सगळे तर वाचतातच. खुर्ची जायचीच होती. पण निदान शाल पांघरून, पेढा खाऊन गेली असती. आता शालही गेली.

मित्राला कुणी बुडवले तर त्यात समजण्यासारखे काही असते. आपण स्वतःही बुडून घेतलेत, हे मात्र आमच्या आकलनापलीकडचे आहे.

योजनेप्रमाणे दहा एप्रिलला इथून निघत आहोत. स्टेशनवर येण्याची तसदी घेऊ नये.

आपला,
मु. बोरामणीकर


सोलापूर,
३० मार्च १९७४

मुकुंदा,

तुझी खुर्ची गेली. मायाप्पाने स्वतः उचलून मशीनच्या खोलीत नेली आणि तिच्यावर शाईचे डबे ठेवले. तुझा राग पोचेपर्यंत मी मुद्दामच लिहिले नव्हते; आता नीट बसून पुढचे वाच.

आबासाहेब आठ तारखेला आले. आपल्याकडे ऊन आता तापायला लागले आहे. फेटा काढून त्यांनी घाम पुसला, अंक उचलला आणि मशीनजवळ उभ्यानेच वाचू लागले. मायाप्पाने मशीन बंद केले. मी प्रूफात तोंड खुपसून बसलो. तुलाधर दारात उभा होता. आबासाहेबांनी एकदा वाचले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचले.

"चिंत्या, ह्यो आपला मुकुंदच हाय न्हवं?"

"होय, आबासाहेब."

"मग नऊ वर्सं कुटं हुता ह्यो?"

माझ्या तोंडून निघून गेले, "इथंच होता की आबासाहेब. खुर्चीत."

त्यांनी अंकाची घडी घातली. मग म्हणाले, "मायाप्पा, उचल ती खुर्ची." मला वाटले, माझीच. मी आपणहून उठून उभा राहिलो. तशी ते माझ्यावरच खेकसले, "तू का उटलास? तू बस. तू बाहीर हिंडून काय उजेड पाडतोस ते बगितलं म्या. तू लिवायचं आन् मुकुंदानं बगायचं. ह्यो पावना जानार एप्रिलात, मग डोळं कुनाचं लावायचं अंकाला?"

मी भीत भीत म्हटले, "पण दोन पानांना दोघे नकोत, असे आपण..."

"दोन पानाला दोन खुर्च्या नगंत म्हनलो मी. दोन मानसं नगंत आसं कवा म्हनलो?"

तसे ते म्हणाले होते, मुकुंदा. तू आणि मी दोघांनी ऐकले होते. पण त्या क्षणी त्यांना आठवण करून द्यायची मला काही गरज वाटली नाही.

वाचकांचे विचारशील तर दोघांनी येऊन शिव्या दिल्या. बाकीचे म्हातारीची चौकशी करतात. रावजी मास्तर एक जुने कात्रण घेऊन आले होते. विचारत होते, "हे माझं गेल्या वर्षीचं भाषण मुकुंदरावांनी आधीच लिहिलं होतं का?" म्हटले, हो. म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगलं आहे हो. पुढच्या खेपेला दोन दिवस आधी पाठवाल का? तेच करीन म्हणतो."

तू लिहितोस की मी स्वतःला का बुडवून घेतले ते कळत नाही. मलाही नीट सांगता येणार नाही. तुझे पत्र खिशात घालून मी तीन दिवस हिंडलो. ते खिशात असताना आपल्या खुर्चीत बसवेना, एवढेच.

मालतीवहिनींना मी स्वतः जाऊन सांगितले. त्यांनी शिवणयंत्राची चौकशी थांबवलेली नाही. म्हणतात, आता हौस म्हणून घेते. आणि आबासाहेबांनी तुझ्यासाठी सायकल घेतली आहे. जुनी आहे, पण घंटी नवी बसवली आहे. खुर्ची माझी, सायकल तुझी.

स्टेशनवर येणार आहे. तुझी मनाई मला लागू नाही. तो 'रा. रा. चिंतामणी वळसंगकर' कोण, त्याला मी ओळखत नाही.

चिंतू


काठमांडू,
९ एप्रिल १९७४

प्रिय चिंतू,

उद्या निघतो. तुझे पत्र आज सामान बांधताना हाती पडले. तीनदा वाचले आणि मग बांधलेले सामान सोडून पुन्हा बांधले, कारण चादर बाहेरच राहिली होती. उपाध्यायजींना सगळे सांगितले. ते इतके हसले की खालच्या दुकानदाराने वर येऊन काय झाले विचारले.

तुझ्यावर रागावलो होतो त्याची लाज वाटते. भेटल्यावर म्हणेन म्हणतो, पण तुझ्यासमोर तोंडातून निघायचे नाही, म्हणून इथेच लिहून टाकतो. तू होतास म्हणून राहिलो.

आता एक अडचण आहे. आबासाहेबांना इतक्यात सांगू नकोस. मला सायकल येत नाही. लहानपणी एकदा बसलो होतो, तेव्हा पाणपोईवर जाऊन आदळलो आणि नंतर कधी हात लावला नाही. नऊ वर्षे गरजही पडली नाही. आता पडणार आहे, तेव्हा शिकेन. आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून भवानी पेठेच्या मागच्या मैदानात शिकतो. तू मागून सीट धरायला ये.

पडलो तर तू छापशीलच. फक्त पाहून छाप.

तुझा,
मुकुंद